तालुक्यातला पहिला सूर्य

"सूर्य उगवतो म्हणजे नक्की काय होतं, हे तुम्ही पोरांना कसं समजावून सांगाल?" एवढाच प्रश्न सावळारामशेठांनी मला विचारला होता. त्याचे उत्तर मी दोन वाक्यांत आटोपले असते, तर रथसप्तमीच्या सकाळी तीन प्रतिष्ठित माणसांसह एका गाईच्या मागे पळत सुटण्याची पाळी माझ्यावर आली नसती.

सावळारामशेठ हे मुरबाडचे भाताचे व्यापारी. तिथे नवी इंग्रजी शाळा निघणार होती आणि शेठ तिच्या मंडळाचे अध्यक्ष होते. शाळेला शास्त्राचा मास्तर हवा होता. मी बी. एस्सी. होऊन शहापूरला मामांच्या घरी बसलो होतो. आणि सरस्वतीमामीच्या मते, या बसण्यातही मी पहिला वर्ग मिळवला होता. शेठ काही कामासाठी शहापुरात मुक्कामाला आले, मामांनी त्यांना पोहे खायला बोलावले आणि पोह्यांबरोबर मला पुढे केले.

मी पृथ्वीच्या आसापासून सुरुवात केली. अक्षांश, रेखांश, वातावरणातले वक्रीभवन, काही सोडले नाही. शेठांचे पोहे संपले, चहा संपला, सुपारीही कातरून झाली, तेव्हा मी जेमतेम क्षितिजापर्यंत पोहोचलो होतो.

"ते राहू द्या," शेठ म्हणाले. "परवा रथसप्तमी. त्या दिवशी सूर्यनारायणाचं दर्शन झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही. परवा मी इथंच आहे. तुमच्या गावात सूर्य चांगला कुठून दिसतो?"

"गावातून कशाला?" मी म्हणालो. "मी तुम्हाला तालुक्यात सगळ्यांच्या आधी सूर्य दाखवतो."

"सगळ्यांच्या आधी?"

"शास्त्राच्या आधारे."

शेठांनी सुपारी तोंडात टाकली. "दाखवा. मग नेमणुकीचं तिथंच बोलू."

ते गेल्यावर मामी आतून बाहेर आली. "सूर्य बघायला गावाबाहेर कशाला जायला हवं रे? माझ्या परसात रोज येतो तो. न बोलावता." मामा वर्तमानपत्राआड होते. मामा नेहमीच वर्तमानपत्राआड असत.

आता माझा हिशेब सांगतो, कारण त्यात चूक नव्हती हे मी आजही शपथेवर सांगेन. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून जो जितका पूर्वेला, त्याला सूर्य तितका आधी. तालुक्यात आधी सूर्य पाहायचा, तर तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला गेले पाहिजे. ते टोक डोळखांबच्या पलीकडे. तिथल्या एखाद्या टेकडीवर उभे राहिले, तर शहापूरच्या माणसापेक्षा सूर्य पाऊण मिनिट आधी दिसतो. मी लॉगॅरिथमच्या कोष्टकाने तीनदा पडताळून पाहिले. तिन्ही वेळा पाऊण मिनिटच आले. पाऊण मिनिट म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण शर्यतीत पहिला येणारा घोडा कितीने पहिला आला, हे कोण विचारतो?

ही बातमी शेजारच्या दामूअण्णांना कळायला एवढाही वेळ लागला नाही. दामूअण्णा निवृत्त पोस्टमास्तर. दुसऱ्याच्या बातम्या बंद पाकिटातूनही त्यांना कळत असत, आमच्या घराला तर नुसते कुंपण होते.

"डोळखांब कशाला? माहुलीवर चला," ते कुंपणावरून म्हणाले. "किल्ला आहे, उंच आहे, चहूकडे मोकळं."

"अण्णा, माहुली शहापूरच्या पश्चिमेला आहे. सूर्य पूर्वेला उगवतो."

"बरं मग?"

"मग पूर्वेला जायला नको?"

"राघो, मी सारा जन्म पोस्टात काढला. पत्र नाशकाहून यायचं असलं म्हणून मी कधी नाशकाच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो नाही. खुर्चीत बसायचो. पत्र यायचं."

या युक्तिवादाला शास्त्रात उत्तर नाही, म्हणून मी दिले नाही. दामूअण्णांनी त्याचा अर्थ आपण जिंकलो असा घेतला आणि जिंकलेल्या माणसाच्या उदारपणाने, "मीही येतो बरोबर. माझा थर्मास आहे," असे जाहीर केले. हा थर्मास त्यांना जावयाने दिला होता. आळीतल्या प्रत्येकाने त्यातला चहा एकदा तरी पिऊन "अगदी गरम आहे हो" असे म्हटलेले होते.

दामूअण्णा येणार म्हटल्यावर त्यांच्या पत्नी रंभाकाकू आल्याच. रंभाकाकू आल्या म्हणजे रथसप्तमी रीतसर आली. उगवत्या सूर्यासमोर गोवऱ्या पेटवायच्या, त्यावर बोळक्यात दूध ठेवायचे आणि ते सूर्याच्या साक्षीने उतू जाऊ द्यायचे.

"दूध तिकडेच घेऊ," मी म्हणालो.

"आणि कुणाच्या गाईचं?" काकूंनी विचारले. "आजवर माझ्या कपिलेच्याच दुधाचा नैवेद्य झालाय. परक्या गाईचं मी सूर्याला दाखवणार नाही."

"मग आदल्या दिवशीचं नेऊ."

"शिळं? सूर्याला?"

अशा रीतीने कपिला आमच्यात सामील झाली. कपिला आली म्हणून वासरू आले. गाय आणि वासरू बैलगाडीच्या वेगाने चालत नाहीत, म्हणून पहाटे निघण्याऐवजी आदल्या दिवशी दुपारच्या आतच निघायचे ठरले. मी मनात योजले होते ते दोन विचारी पुरुषांचे पहाटेचे शांत गिर्यारोहण. त्याची ही अशी वरात झाली.

एक अडचण अजून होती. ती टेकडी जंगलखात्याच्या हद्दीत येत होती, आणि जंगलात विस्तव करायला मंजुरी लागते. मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"विस्तव कशासाठी? स्वयंपाकासाठी की पूजेसाठी?"

"दूध उतू घालण्यासाठी."

"ते कशात बसतं?"

"पूजेत धरा."

"उतू न गेलेलं दूध पिणार ना तुम्ही?"

"पिऊ."

"मग तेवढा स्वयंपाक झाला." कारकुनाने टाक खाली ठेवला. "एकाच विस्तवावर पूजा नि स्वयंपाक दोन्ही असेल, तर मला वर विचारावं लागेल. वरचे साहेब फिरतीवर आहेत."

शेवटी असे ठरले की दूध सगळेच्या सगळे उतू घालायचे, कोणी एक थेंब प्यायचा नाही, आणि यावर लक्ष ठेवायला धाकलू नावाचा गार्ड आमच्याबरोबर यायचा. सरकारने दुधाच्या थेंबांवर पहारा बसवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

निघताना मामीने तिळगुळाचा डबा माझ्या हातात दिला. "तू पण चल ना," मी म्हणालो.

"मी गेले, नि तो परसात येऊन परत गेला तर?" मामी म्हणाली.

सापगावची नदी ओलांडून आमची गाडी पूर्वेला लागली. महादू गाडी हाकत होता. गाडीत शेठ, दामूअण्णा, रंभाकाकू, थर्मास आणि मी. मागे दोरीला कपिला, तिच्यामागे वासरू, आणि सर्वांत मागे खांद्यावर काठी टाकून सरकार. मी खास या प्रसंगासाठी खाकी अर्धी विजार आणि सोला हॅट घातली होती. गाडी डोळखांबच्या पुढच्या पाड्यावर शिरली, तेव्हा त्या विजारीचा पहिला परिणाम दिसला. सगळी पोरे रडत घरात पळाली. ती मला देवी टोचणारा डॉक्टर समजली होती.

"डॉक्टर नाय गो!" महादूने ओरडून सांगितले. "दिस बघाया आल्यात!"

हिरी नावाची बाई अंगण सारवीत होती. ती उभी राहिली. "कोनाचा दिस? लगीन हाय का?"

"तसा नाय. सूर्य. सूर्य बघाया."

हिरीने आमच्याकडे, मग गाईकडे, मग माझ्या विजारीकडे पाहिले. "शापूरला नाय का येत?" तिने फार काळजीने विचारले.

तिच्या अंगणात आमचा मुक्काम पडला. सूर्य मावळत होता आणि समोर सह्याद्रीची भिंत तांबूस झाली होती. इकडे तिला आजोबाचा डोंगर म्हणतात. नागलीच्या रिकाम्या वरकस जमिनीपलीकडे तो असा सरळ उठला होता की माथा पाहायला हॅट हाताने धरावी लागली. मी शेठांना तो मुद्दाम दाखवला. "पाहा, किती भव्य!" मी म्हणालो. "अर्धं आकाश झाकून टाकलंय." हे माझेच शब्द. आणि त्यानंतर मी शांतपणे जेवलो आणि झोपलोसुद्धा.

पहाटे आम्ही टेकडी चढलो. कपिलेची धार काढून तिला हिरीच्या अंगणात बांधले. थंडी अशी होती की दामूअण्णा "हूं हूं" याशिवाय काही बोलत नव्हते. काकूंनी वर पोचताच दगडावर रथ काढला, सात घोडे काढले, गोवऱ्या रचल्या आणि मोठ्या चरवीतले थोडे दूध बोळक्यात ओतले. शेठ पूर्वेकडे तोंड करून, तांब्यात अर्घ्याचे पाणी घेऊन उभे राहिले. ते आदल्या रात्रीपासून काही प्यायले नव्हते, म्हणून आम्हीही प्यायलो नव्हतो. थर्मासचे झाकण दामूअण्णांनी एकदा उघडून पाहिले. चहाचा वास टेकडीभर पसरला. शेठांनी डोळे मिटून घेतले.

मी घड्याळ हातात धरले. "काकू, विस्तव!"

गोवऱ्या पेटल्या. आकाश उजळत होते. काटा माझ्या हिशेबाच्या जागेवर आला.

"आता!" मी हात उंच करून म्हणालो.

सगळ्यांनी पूर्वेकडे पाहिले. पूर्वेकडे डोंगर होता.

"आता म्हणजे?" शेठांनी विचारले.

"आता म्हणजे होतोच आहे. झालाच."

दूध मात्र वेळेवर होते. ते फसफसून वर आले आणि उतू गेले. रंभाकाकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! सूर्य नाही नि दूध गेलं! हे काय उतू गेलं म्हणायचं? हे तर नुसतं सांडलं!"

"मंजुरी उतू घालायची हाय," धाकलू पुढे येऊन म्हणाला. "सांडायची नाय."

मी घड्याळ कानाला लावले. चालू होते. आकाश चांगले पांढरे झाले होते, कावळे ओरडत होते, खाली पाड्यावर माणसांची हालचाल दिसत होती. सगळे जग दिवस उजाडल्यासारखे वागत होते. सूर्य तेवढा नव्हता.

"राघो," दामूअण्णा एकाएकी म्हणाले. त्यांनी थंडीमुळे पूर्वेकडच्या वाऱ्याला पाठ फिरवली होती. "जरा इकडे वळून बघ रे."

मी वळलो. दूर पश्चिमेला, शहापूरच्याही पलीकडे, माहुलीचा माथा सोन्यासारखा लखलखत होता.

"माहुलीवर आला वाटतं," दामूअण्णा म्हणाले. पोस्टातल्या खुर्चीचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्याची गरजही नव्हती.

आणि मग मला सगळे एकदम कळले. उजेड माहुलीवरून खाली उतरत होता. शहापूरच्या बाजूची शेते उजळली, मग त्यांच्या अलीकडची, मग त्यांच्याही अलीकडची. उन्हाची सरळ कड खाचरे ओलांडत, झाडे ओलांडत पश्चिमेकडून आमच्याकडे येत होती. आम्ही आजोबांच्या सावलीत उभे होतो. सावलीच्या बाहेर असलेल्या सगळ्या तालुक्याला सूर्य दिसत होता. तालुक्यात जिथून तो सर्वांत शेवटी दिसेल अशी जागा मी कोष्टकाच्या मदतीने शोधून काढली होती. पाऊण मिनिट मिळवायला मी जवळजवळ तास घालवला होता.

"सूर्य पश्चिमेकडून येतोय राव!" दामूअण्णा म्हणाले.

"त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "की डोंगराची उंची आणि आपलं अंतर यांचं जे गुणोत्तर..."

"मास्तर," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. घशात पाणीच नव्हते. "माझं दर्शन कधी?"

मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि उत्तर सांगायचे धाडस झाले नाही. पूर्वेकडच्या त्या काळ्या भिंतीवर मला माझी नेमणूक स्पष्ट मावळताना दिसत होती. मुरबाड, शाळा, फळा, पगार, मामीसमोर ताठ मानेने जेवणे, सगळे तिच्यामागे.

इतक्यात रंभाकाकू किंचाळल्या. "कपिला!"

खाली हिरीच्या अंगणातून कपिला दावे तोडून निघाली होती. वासरू मागे. थंडीने काकडलेली ती गाय शांतपणे खाचरांतून पश्चिमेकडे चालत गेली, उन्हाची कड जिथे पोहोचली होती तिथे थांबली, आणि अंगावर ऊन घेत रवंथ करू लागली. आमच्या मंडळीत पहिला सूर्य कपिलेला दिसला.

शेठ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी धोतर वर खोचले.

"चला," ते म्हणाले. "तो येत नसेल तर आपण जाऊ."

आणि मुरबाडच्या इंग्रजी शाळेचे अध्यक्ष हातात अर्घ्याचा तांब्या धरून टेकडीवरून पश्चिमेकडे पळत सुटले. त्यांच्यामागे "कपिले, कपिले" करीत रंभाकाकू, त्यांच्यामागे राहिलेल्या दुधाची चरवी आणि बोळके घेऊन मी, आणि माझ्यामागे थर्मास छातीशी धरून दामूअण्णा.

"इस्तव इझवा आधी! इस्तव इझवा!" धाकलू वरून ओरडत होता. कोणी ऐकेना, तेव्हा बिचारा स्वतःच गोवऱ्यांवर माती टाकत बसला.

"शेठ, यामागचं तत्त्व असं," मी पळता पळता म्हणालो, "आपण डोंगरापासून जितके लांब..."

"आधी पळा! मग शिकवा!"

हिरीच्या अंगणाशी आम्ही पोहोचलो आणि उन्हाची कडही पलीकडून तिथेच पोहोचली. अंगणातल्याच चुलीवर तिच्या भाकऱ्या चालल्या होत्या. काकूंनी काही न विचारता तवा उतरवून बोळके चढवले.

"पर मंजुरी..." धापा टाकत आलेला धाकलू म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे पाहिले. "हितं जंगल नाय. हितं कायपन करा."

शेठ अंगणाच्या कडेला उभे होते. डोंगराच्या माथ्यावर एक ठिणगी चमकली. "दिसला!" त्यांनी अर्घ्य सोडले. भान हरपून ते दोन पावले पुढे सरले, आणि ठिणगी विझली.

"अहो! मावळला!"

"मावळला नाही," मी म्हणालो. "तुम्ही डोंगराकडे पुढे सरलात. परत सावलीत गेलात. थांबा, ऊन येतंच आहे."

ऊन आले, ठिणगी पुन्हा उगवली. शेठांनी पुन्हा अर्घ्य सोडले. मग ते माझ्याकडे पाहून, एखादे पोर विहिरीत दगड टाकण्याआधी पाहते तसे, मुद्दाम आठदहा पावले पुढे चालत गेले. सूर्य मावळला. थांबले. उगवला. पुन्हा पुढे. पुन्हा मावळला. ऊन माणसाच्या चालीने पुढे येत होते आणि मुरबाडचा सर्वांत गंभीर व्यापारी त्याच्यापुढे पळत हसत होता. तांब्यातले पाणी संपले, तेव्हा हिरीने कळशी आणून दिली. पाड्यावरची माणसे गोळा झाली. काल देवीच्या भीतीने पळालेली पोरे शेठांबरोबर मागे-पुढे नाचू लागली. "उगवला!" "गेला!" "उगवला रे!"

सातव्या वेळी काकूंचे दूध उतू गेले. आपोआप, वेळेवर, भर उन्हात. शेठांनी हात जोडले आणि खाली बसले.

"चहा," ते म्हणाले.

दामूअण्णांनी थर्मास उघडला. शेठ एक घोट प्यायले, थांबले आणि म्हणाले, "अगदी गरम आहे हो." दामूअण्णांचा जन्म सार्थकी लागला.

परतीच्या गाडीत शेठ पाय चेपत बसले होते. मी तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. शेवटी मीच म्हणालो, "शेठ, मी सगळ्यांच्या आधी म्हणालो होतो. सगळ्यांच्या नंतर दाखवला. माझा हिशेब..."

"हिशेब बरोबर होता," शेठ म्हणाले. "डोंगर तेवढा धरायचा राहिला. शास्त्राला मी दुसरा माणूस बघतो."

मी मान खाली घातली. दामूअण्णा खोकले.

"तुम्हाला भूगोल देतो," शेठ म्हणाले. "सह्याद्री कुठं आहे, हे शिकवताना तुमची आता जन्मात चूक होणार नाही. आणि ते मागं-पुढं चालून सूर्य उगवायचं, ते माझ्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवा. मला तुमच्या पोह्यांच्या दिवशीचं एक अक्षर कळलं नव्हतं. आज सगळं कळलं." त्यांनी डबा उघडून तिळगुळ घेतला. "पाय दुखतात, पण कळलं."

शहापूरला पोहोचलो तेव्हा मामी दारात उभी होती. तुळशीपुढे गोवऱ्यांची राख कधीच थंड झाली होती आणि दुधाचा ओघळ वाळला होता. मामा पायरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"दिसला का?" मामीने विचारले.

"दिसला म्हणजे!" शेठ गाडीतून उतरत ऐटीत म्हणाले. "सात वेळा दिसला!"

"हो का?" मामी पाय धुवायला पाणी पुढे करीत म्हणाली. "आमच्याकडे आपला एकदाच आला. पण वेळेवर."